खंडेनवमीची हवा

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोन करून ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ म्हटलं, तेव्हा माझी बायको हसली. म्हणाली, तुम्ही काय लिहिणार, तुमचा सगळा जन्म अंधाऱ्या खोलीत गेला. खोटं नाही. उल्हासनगरच्या एका खासगी इस्पितळात मी सव्वीस वर्षं एक्सरे काढले आणि त्यातला निम्मा काळ डार्करूममध्ये लाल दिव्याखाली, फिल्म धुण्याच्या टाकीपाशी उभा राहिलो. पण एक सांगतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथल्या माणसांना मी जेवढं आतून पाहिलंय, तेवढं त्यांच्या सासूंनीही पाहिलेलं नाही.

माझं राहणं अंबरनाथ पूर्वेला. बाजारात भाजी घेताना समोरचा माणूस नमस्कार करतो, मला त्याचं नाव आठवत नाही. घरी आल्यावर एकदम आठवतं की हा डाव्या बाजूची आठवी बरगडी मोडलेला.

हाडांचं काम सोपं. हाड एक तर मोडलेलं असतं नाही तर नसतं. खरी परीक्षा पोटाची. पोटाला मार बसलेला माणूस वरून बऱ्याचदा धड दिसतो. कातडीवर साधा ओरखडाही नसतो आणि आत आतडं फाटलेलं असतं. आणि त्याहून अवघड म्हणजे पोटाच्या माराची गोष्ट माणसं खरी सांगत नाहीत. हात मोडला तर दहा जणांना रंगवून सांगतात. पोटात लागलं की जिन्यावरून पडलो, वजन उचललं, काहीतरी अरबट-चरबट खाल्लं, एवढंच. ‘मोरीत घसरले’ म्हणणाऱ्या बायका तर मी इतक्या पाहिल्या, की आपल्याकडच्या मोऱ्या एवढ्या निसरड्या कशा, असं एकदा मी मोठ्याने म्हणालो. आमच्या सिस्टरबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा तो विनोद केला नाही. त्या बायकांना लाथ घालणारा बहुतेक वेळा बाहेर बाकावरच बसलेला असायचा, काळजीचा चेहरा करून.

आमचे मोठे डॉक्टर, म्हणजे सर्जन, सिंधी. नाव लिहीत नाही. लिहिलं तर या वयातही फोन करून ‘अरे बाबा, मेरे को हीरो कायको बनाया’ म्हणून झापतील. ते म्हणायचे, “पेट झूठ नहीं बोलता, कांबळे. पेटवाला बोलता है.”

पोटवाल्याकडून खरं काढायची माझी एक पद्धत होती. लोकांना एक्सरेच्या किरणांची फार भीती. पेशंटबरोबर सात माणसं आलेली असली आणि मी दार लावताना नुसतं ‘बाहेर थांबा, किरणं आहेत’ म्हटलं, की सातांतली सहा जिन्यापर्यंत मागे सरकायची. मग खोलीत पेशंट आणि मी. आई नाही, शेठ नाही, बायको नाही. मशीन लावता लावता मी विचारायचो, नक्की काय झालं? निम्मे तरी सांगायचे. खरं तर एका फोटोच्या किरणांनी कुणाला काही होत नाही. एवढी भीती बाळगायचं कारण नव्हतं, पण मी ते कुणाला सांगायला गेलो नाही.

आता थोडं धंद्याचं. आपलं पोट म्हणजे तोंडापासून निघून खालपर्यंत गेलेली एक लांब नळी. नळीत हवा असणं हा काही गुन्हा नाही, ती सगळ्यांच्यात असते आणि चारचौघांत ती नसल्याचा आव आणावा लागतो. पण नळीला भोक पडलं की हवा नळीबाहेर, पोटाच्या पोकळीत सुटते. माणूस उभा किंवा बसलेला असेल तर ती वर चढते आणि छाती आणि पोट यांच्या मधल्या पडद्याखाली जाऊन बसते. फिल्मवर त्या जागी नखाएवढी काळी कोर दिसते. ती दिसली की सर्जन पुढे काही विचारत नाही, हात धुवायला जातो.

मेख अशी, की हवेला वर चढायला वेळ लागतो. म्हणून पेशंटला आधी दहा मिनिटं सरळ बसवून किंवा उभं करून ठेवायचं आणि मगच फोटो काढायचा. आडव्या माणसाच्या फोटोत तीच हवा पसरून जाते आणि नसल्यासारखी दिसते. ही दहा मिनिटं म्हणजे माझ्या धंद्यातली सगळ्यात बदनाम गोष्ट. ज्याचं पोट फाटलंय त्याला जगात एकच गोष्ट हवी असते, गुडघे पोटाशी घेऊन पडून राहणं. आणि मी त्याला म्हणणार, उभा राहा. त्या दहा मिनिटांत मी मराठी, हिंदी आणि सिंधी अशा तिन्ही भाषांत शिव्या खाल्ल्या आहेत. सिंधी शिव्यांचा अर्थ पुढे डॉक्टरांनीच समजावून दिला.

सगळेच असे नव्हते. बदलापूरच्या पलीकडच्या एका पाड्यावरून बाळू आजा म्हणून एक म्हातारा शेतकरी आला होता. बैलानं शिंग मारून पोट उघडलं होतं. घरच्यांनी आतड्यावर ओल्या धोतराची घडी ठेवून त्यावर पितळेची वाटी पालथी घातली होती आणि ती लुगड्यानं घट्ट बांधली होती. आमच्या डॉक्टरांनी ती बांधणी बघून सिस्टरना बोलावून दाखवली. शिंग छातीत गेलंय का हे पाहायला फोटो हवा होता. म्हातारा स्टँडला धरून दहा मिनिटं खांबासारखा उभा राहिला. मी विचारलं, आजोबा, फार दुखतंय का? तो म्हणाला, “दुखतंय त दुखू दे. बैलाचा काय दोष नाय, मीच त्याचे आरवा गेलो. पोरांना सांग, त्याला मारू नका.” खरं सांगणारा असा पेशंट विरळा. आणि त्यातही बैलाची बाजू घेणारा.

दुसरा आमच्या उल्हासनगरचा पँट शिवणारा मास्टर. ओठांत टाचण्या धरून काम करायची त्या लोकांची सवय. कुणीतरी हसवलं आणि एक टाचणी गेली आत. डॉक्टर म्हणाले, केळी खा, खिचडी खा, जुलाबाचं औषध घेऊ नको, टाचणी आपली वाट आपण शोधेल. मग रोज एक फोटो. पहिल्या दिवशी जठरात, दुसऱ्या दिवशी लहान आतड्यात, तिसऱ्या दिवशी उजव्या कोपऱ्यात. त्याच्या गल्लीतली माणसं मला रस्त्यात गाठून ‘आज किधर तक पहुँची’ असं विचारायची, एखादी आत्या काशीला निघाल्यासारखी. पाचव्या दिवशी ती सुखरूप बाहेर आली. मास्टरनं फिल्म मागून नेली आणि कारखान्याच्या खिडकीला चिकटवली. नवीन कारागीर आला की आधी त्याला तो फोटो दाखवायचा आणि मग शिलाई मशीन.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण संपादकबाईंनी ‘एखादी न विसरलेली गोष्ट’ असं म्हटलं होतं, आणि न विसरलेली गोष्ट एकच आहे. ती मी आजवर लिहून कुठे ठेवली नाही, कारण तिच्यात मी फारसा बरा दिसत नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. दसऱ्याच्या आदला दिवस, खंडेनवमी. कारखान्यात कामं केलेल्यांना हा दिवस सांगायला नको. सकाळी मशीन धुऊन-पुसून लख्ख करायची, झेंडूची माळ घालायची, दुपारी पूजा, मग पेढा आणि घरी. मशीनच्या कानाकोपऱ्यातला लोखंडाचा बुरादा काढायला कॉम्प्रेसरचा पाइप असतो. त्यातून अशी जोरात हवा सुटते की लोखंड कातायच्या लेथच्या फटीतली वर्षाची घाण क्षणात उडते. मशीनचं झालं की माणसं त्याच पाइपनं एकमेकांचे कपडे झटकतात. काम नाही, साहेब लांब, सणाचा दिवस. अशा वेळी माणसाच्या अंगात येते ती मस्करी.

त्या दिवशी साडेअकराच्या सुमारास अंबरनाथच्या एका कारखान्यातून तिघं जण आले. सुरेश, वय सव्वीस-सत्तावीस, चिखलोलीचा, लेथवर काम करणारा. तेव्हा चिखलोली म्हणजे शेतं आणि मधून गेलेली पायवाट. त्याला धरून आणणारा दिनकर, त्याच्या शेजारच्या लेथवरचा, राहणार बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात. आणि त्यांचा सुपरवायझर, पूजेसाठी पांढरा शर्ट घातलेला. सुपरवायझर न विचारता सांगत होता की याने वजन उचललं आणि पोटात कळ आली. सुरेशही तेच म्हणाला. दिनकर काहीच म्हणाला नाही. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी पोटाला हात लावला, ते ढोलासारखं ताणलेलं होतं. त्यांनी चिठ्ठीवर ‘उभ्याने एक्सरे’ असं लिहून त्याला माझ्याकडे पाठवलं.

मी नेहमीप्रमाणे किरणांची भीती घालून दोघांना बाहेर काढलं. सुरेशला विचारलं, नक्की काय झालं. तो भिंतीकडे बघून म्हणाला, वजन उचललं. मला खोटं वाटलं. एरवी मी पुन्हा विचारलं असतं. पण दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे आमच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन. आमच्या विहाराला रंग देऊन झाला होता आणि पताका लावायचं काम माझ्याकडे होतं. मी दोन वाजता निघतो असं सगळ्यांना सांगून ठेवलेलं. माझं निम्मं लक्ष पताकांत.

मी सुरेशला उभं केलं तर तो दुमडला. बसवलं तर कलंडला. कपाळावर घाम. तो म्हणाला, “साहेब, पाया पडतो, मला झोपू द्या.”

आणि मी म्हटलं, झोप.

कीव आली, हे खरं. घाई होती, हेही खरं. त्यातलं कीव किती आणि घाई किती, याचा हिशेब मी पुढे बरीच वर्षं करत होतो. तो कधी जमला नाही. मी झोपलेल्या माणसाचा फोटो काढला, धुतला आणि ओल्या फिल्मसकट ड्यूटीवरच्या डॉक्टरांकडे नेऊन दिला. चिठ्ठीवर ‘उभ्याने’ लिहिलेलं होतं, त्यामुळे त्यांनी तो उभ्याचाच धरला. मीही काही बोललो नाही. कोर दिसली नाही. दिसणार कुठून? ते म्हणाले, गॅस दिसतोय भरपूर, इंजेक्शन देऊ, मोठे डॉक्टर पाचला येतील तेव्हा बघतील. सुपरवायझर गॅस म्हटल्यावर एवढा खूश झाला की पूजेला पोचायला लगेच निघून गेला.

दोन वाजता मी एप्रन काढून बाहेर आलो तर माझ्या दाराशेजारच्या बाकावर दिनकर बसलेला. डोक्यात बुरादा तसाच. वॉर्ड वरच्या मजल्यावर होता. मित्र तिकडे आणि हा इथे का बसलाय, असं मला वाटलं. मी म्हटलं, काय रे, घरी नाही गेलास? त्यानं वर पाहिलं आणि विचारलं, “साहेब, बाहेरून भरलेली हवा फोटोत दिसते का?”

मी त्याच्या शेजारी बसलो. मग त्यानं सगळं सांगितलं. सुरेश वाकून लेथखालची घाण काढत होता. दिनकरनं मस्करीत मागून पाइप लावला. पँटवरून. दोन सेकंदही नाही. सगळे हसले, सुरेशही हसला आणि मग खाली बसला तो उठलाच नाही. सुपरवायझरनं सांगितलं, वजन उचललं म्हणा, नाही तर दोघांच्याही नोकऱ्या जातील. दिनकर पुन्हा पुन्हा एकच सांगत होता की पँटवरून लावला होता, अंगाला लागलासुद्धा नाही.

कॉम्प्रेसरच्या हवेला पँट आड येत नाही. ती आत शिरते आणि मोठं आतडं फुगवते. ते फुगून फुगून सगळ्यात नाजूक जागी फाटतं. मी असा पेशंट तोवर एकदाच पाहिला होता. त्यानं तीन दिवस वजनाचीच गोष्ट सांगितली होती आणि चौथ्या दिवशी सांगायला तो उरला नाही.

म्हणजे अडीच तास सुरेश खोटं बोलत होता, आणि माझा फोटोही.

मी स्ट्रेचर घेऊन वरती गेलो, ड्यूटीवरच्या डॉक्टरांना म्हटलं पुन्हा एक फोटो काढतो, आणि सुरेशला खाली आणलं. आता त्याला धड बोलताही येत नव्हतं. नुसती मान हलवून झोपू द्या म्हणत होता. एकट्याला बसवणं शक्य नव्हतं. मी दिनकरला आत घेतलं. शिशाचा जड एप्रन त्याच्या गळ्यात अडकवला. टेबलावर चढून तो सुरेशच्या मागे बसला, त्याच्या काखेतून हात घालून त्यानं त्याला, मध्ये फिल्मची कॅसेट घेऊन, आपल्या छातीशी टेकवून सरळ धरलं. मी भिंतीवरच्या घड्याळाखाली उभा राहिलो. दहा मिनिटं.

तीन-चार मिनिटांनी दिनकर त्याच्या कानाशी म्हणाला, “मी सांगितलं यांना.”

सुरेशनं डोळे उघडले नाहीत. “कशाला सांगितलंस? आता नोकरी जाईल तुझी.”

त्यावर दिनकर रडायला लागला. मागून त्याच्या छातीला हुंदके आले की पुढे सुरेशचं पोट हलायचं आणि तो कळवळायचा. मला नाइलाजानं सांगावं लागलं की बाबा, फोटो होईपर्यंत रडू नको. त्यानं श्वास रोखून रडणं थांबवलं. तसा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

फिल्म डेव्हलपरमधून वर काढली तेव्हा लाल दिव्यातही दिसलं. पडद्याखाली दोन्ही बाजूंना, नखाएवढी कसली, चांगली बोटभर रुंद कोर. मोठे डॉक्टर घरी जेवत होते. फोन केल्यावर ताटावरून उठून पंधरा मिनिटांत आले. मी दोन्ही फिल्म त्यांच्यासमोर खिडकीच्या उजेडात धरल्या. त्यांनी विचारलं, पहिल्या फोटोत का नाही दिसली? आणि मी म्हणालो, तेव्हा हवा कमी असेल, सर.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि हात धुवायला गेले.  पण पुढचा महिनाभर माझ्याकडे येणाऱ्या त्यांच्या प्रत्येक चिठ्ठीवर ‘खड़ा करके’ लिहिलेलं असायचं आणि त्याखाली दोन रेघा मारलेल्या. हाताच्या बोटाच्या एक्सरेवरसुद्धा.

ऑपरेशन तीन तास चाललं. मोठ्या आतड्याला लांब चीर गेली होती आणि आतली घाण पोटभर पसरली होती. ती धुऊन काढली, चीर शिवली आणि तिला आराम मिळावा म्हणून आतड्याचं वरचं तोंड पोटावर काढून ठेवलं. म्हणजे तीन महिने शौच पोटावरच्या पिशवीत. बाहेर आल्यावर डॉक्टर मला म्हणाले, “दो घंटा पहले मिलता तो शायद ये पिशवी नहीं लगती, कांबळे. शायद.” त्यांनी ‘शायद’ दोनदा म्हटलं ते माझ्यावर उपकार म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी विहारात गेलो. पताका दुसऱ्याच कुणीतरी लावल्या होत्या आणि माझ्याहून चांगल्या लावल्या होत्या. सगळ्यांबरोबर पंचशील म्हटलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. एरवी माझा आवाज सगळ्यांच्या वर असतो. त्या दिवशी चौथ्याला तो खाली आला, आणि शेजारी उभ्या असलेल्या बायकोनं मला घसा बसलाय का म्हणून विचारलं.

सुरेश वाचेल की नाही हे चार दिवस कुणालाच सांगता येत नव्हतं. पोटाचं ऑपरेशन झालं की सगळा वॉर्ड एकाच गोष्टीची वाट बघतो. वारा सरला का? एरवी ज्या आवाजाला माणसं तोंड वळवतात, त्याच्यासाठी इथे डॉक्टर, सिस्टर आणि आई देवाला हात जोडतात. आतडी जागी झाल्याची ती पहिली खूण. तोवर पाण्याचा थेंबही नाही. सुरेशच्या शेजारच्या खाटेवर एक सिंधी गृहस्थ होते. त्यांच्या पत्नी भेटायला आल्या की रिवाजाप्रमाणे समोर दिसेल त्याच्या हातावर पापड आणि पाणी ठेवायच्या, आणि सुरेशच्याही हातावर ठेवायच्या. दिनकर तो पापड दर वेळी सुरेशच्या हातातून काढून घ्यायचा आणि बाई रागावू नयेत म्हणून स्वतः खायचा. चार दिवस तो बहुधा पापडांवरच होता.

सुरेशच्या वाट्याला आलेला वारा अर्थातच पिशवीत येणार होता. पाचव्या दिवशी सकाळी दिनकर दोन दोन पायऱ्या उतरत माझ्या खोलीत घुसला. मी एका बाईंचा फोटो काढत होतो. तो म्हणाला, “फुगली पिशवी.” बाई घाबरल्या. मी तिथेच खाली बसलो.

दसऱ्यानंतर पोलीस हवालदार जबाब घ्यायला आले होते. तोवर वजनाची गोष्ट मोडीत निघालेली. सुरेशनं शांतपणे सांगितलं की तो स्वतःच पाइपनं स्वतःची पँट मागून झटकत होता आणि हात निसटला. हवालदारांनी आपला हात पाठीमागे नेऊन तीन-चार प्रकारे करून पाहिलं. जमेना. मग त्यांनी मला विचारलं, हे असं होऊ शकतं का? मी म्हटलं, शरीर आहे साहेब, काहीही होऊ शकतं. चौथं शील पुन्हा गेलं, पण या वेळी मला विशेष वाईट वाटलं नाही. दिनकरची नोकरी राहिली.

त्या काळात तयार पिशव्या इकडे मिळत नव्हत्या, साधी प्लॅस्टिकची पिशवी पट्ट्यानं बांधायची. ती गळायची, कातडी सोलायची. दिनकरनं पंधरा दिवस ते पाहिलं. मग लेथवर नायलॉनच्या दांड्यातून एक कडी कातून आणली, पोटावर बसेल एवढीच, कड इतकी गुळगुळीत की गालावरून फिरवली तरी कळू नये. तिच्यावर पिशवी ताणून बसायची आणि गळायची नाही. डॉक्टरांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि आणखी सहा करून मागितल्या, इतर पेशंटांसाठी. रोज सकाळी कामावर जायच्या आधी दिनकर हेंद्रेपाड्याहून सायकलनं चिखलोलीला जायचा, सुरेशची पिशवी बदलायचा आणि मग कारखान्यात. सुरेशची आई म्हणायची, मी करते रे. तो ऐकायचा नाही. असे तीन महिने.

जानेवारीत आतड्याचं तोंड पुन्हा आत घ्यायच्या ऑपरेशनसाठी दोघं आले. आधी फोटो काढायचे होते. दिनकर नेहमीसारखा बाहेर बाकावर बसला. किरणांची भीती त्याला आता उरली नव्हती, तरी तो आत आला नाही. तीन महिन्यांत तो सुरेशच्या डोळ्याला डोळा देऊन बोललेला मी पाहिला नव्हता.

सुरेशनं आत आल्यावर माझ्या हातात एक पिशवी ठेवली. चिखलोलीच्या शेतातल्या वालाच्या शेंगा. म्हणाला, “आईनं दिल्यात. त्या दिवशी सगळे मला ऊठ, बस, चल करत होते. तुम्ही एकट्यानंच झोप म्हटलंत. मी घरी सांगितलं होतं.”

मी ठरवून ठेवलं होतं की याला सांगायचं. शेंगांमुळे ते आणखी अवघड झालं. पण सांगितलं. त्या दिवशी झोपू देणं हीच चूक होती, उभ्याचा फोटो काढला असता तर कोर तेव्हाच दिसली असती, पोटावरची पिशवीही कदाचित टळली असती, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. सगळं एका दमात सांगितलं आणि फिल्मची कॅसेट उगाचच पुसत राहिलो. शिव्या घालेल, असं वाटलं होतं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

 सुरेशनं बंद दाराकडे पाहिलं.

“हे दिनकरला सांगा,” तो म्हणाला. “त्याला वाटतं, सगळं त्याच्या एकट्यामुळं झालं.”

मी एप्रन काढला आणि बाहेर गेलो. दिनकर बाकाच्या मधोमध बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून. मी त्याच्यासमोर उभा राहून सगळं पुन्हा सांगितलं. त्यानं ते खाली मान घालून ऐकलं.  मग तो बाकावर जरा सरकला आणि मी त्याच्याशेजारी बसलो.